अठरा नखे

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान न करणारा नरकात जातो, असे माझी आजी सांगे. त्या हिशेबाने आमच्या घरातल्या एका व्यक्तीची जागा तिथे गेली सोळा वर्षे राखून ठेवलेली असणार. तिने आजवर कधी उटणे लावलेले नाही, कारीट फोडलेले नाही, की आपण होऊन पाण्याला शिवलेले नाही. तरीही घरात सर्वांत स्वच्छ तीच. नाव ठमी, रंग पांढरा, जात मांजराची.

मांजराची जीभ ही एक फणीच असते. तिच्यावरचे बारीक काटे घशाकडे वळलेले आणि टोकाशी पन्हळीसारखे पोकळ असतात. त्या पोकळीतून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोचते, असे २०१८ साली जॉर्जिया टेक या अमेरिकन संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिले. आमच्या हिला ते आधीच ठाऊक असावे. “तिला कसली हो आंघोळ? तुमच्यापेक्षा स्वच्छ आहे ती,” असे ती माझ्या टॉवेलकडे पाहत म्हणे.

ठमी तिचीच. दोन वर्षांपूर्वी ही गेली आणि ठमी वारशाने माझ्याकडे आली. तोवर आमचे संबंध एकाच वाड्यातल्या दोन भाडेकरूंसारखे होते. भांडण नाही, पण जाणेयेणेही नाही.

यंदाच्या पावसाळ्यात ठमीच्या पाठीवर, शेपटीच्या जरा वर, केसांच्या जटा झाल्या. चालताना फरशीवर नखे टकटक वाजू लागली. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा उंदरांचा प्रश्न. त्याची नखे कोणी कापायची, हा माझा होता. एके सकाळी मी तिची मानगूट धरली आणि कंगवा चालवला. मनगटावर तीन ओरखडे उठले. मग तिला टोपलीत बांधून रिक्षाने दवाखान्यात नेले. समोरच्या बाकाखाली दोन कुत्री बसलेली. टोपली खालून ओली झाली. डॉक्टर भले गृहस्थ, तिची थरथर पाहून म्हणाले, “आज नको.” घरी आल्यावर दोन दिवस ती पलंगाखालून बाहेर आली नाही.

“तुझ्या आईचं मांजर,” मी ठाण्याला मुलीला फोनवर सांगितले, “माझ्यावर रुसलंय.”

“बाबा, मी एका मुलीला घरी पाठवते. ती हेच काम करते.”

मांजराची नखे कापायला माणूस घरी येते, याचे मला हसू आले. आमच्या लहानपणी न्हावी घरी येत असे, हे मात्र मी सोयीस्करपणे विसरलो.

शनिवारी चार वाजता ती आली. तिची सोय म्हणून मी ठमीला न्हाणीघरात कोंडून ठेवले होते. “आधी दार उघडा, काका,” ती म्हणाली, आणि स्वतः जमिनीवर, न्हाणीघराकडे पाठ करून बसली. वीस मिनिटे ती माझ्याशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारीत होती. मांजराकडे पाहिलेसुद्धा नाही. ठमी बाहेर आली, तिची पिशवी हुंगली आणि हिच्या जुन्या सुती पातळाची घडी असलेल्या आरामखुर्चीत जाऊन बसली.

“तिची जागा ती? मग तिथंच करू.”

तिने बोट हलकेच दाबले की नख आपोआप बाहेर येई. नखाच्या आतली गुलाबी रेघ जिवंत असते. तिला न दुखवता पुढचे टोक तेवढे कापायचे. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, अशी अठरा नखे. पुढच्या डाव्या पायाचे अंगठ्याचे नख वळून कातडीला टेकले होते. “आणखी थोडे दिवस गेले असते, तर आत रुतलं असतं,” ती म्हणाली. ते तिने पहिल्यांदा कापले.

“ती रुसलेली नाही, काका. दुखतंय तिला. म्हातारपणी सांधे धरतात. पाठीपर्यंत जीभ पोचत नाही, म्हणून जटा. जट कातडी ओढते. तुम्ही वर मुळापासून कंगवा ओढलात. टोकाकडून सोडवत यायचं. आणि जटेला कात्री कधी लावायची नाही; कातडी फार पातळ असते.”

चौथे नख झाले. ठमीच्या शेपटीचे टोक किंचित हलले, कान बाजूला पडले. मुलीने कात्री खाली ठेवली.

“पुरे. उरलेली पुढच्या शनिवारी.”

“चौदा राहिली की! धरून ठेवलीस तर पाच मिनिटांत होतील.”

“होतील ना. पण मग पुढच्या वेळी मला पाहताच ती पलंगाखाली जाईल.”

यावर मी काही बोललो नाही.

शेवटच्या वर्षी हिचे केस मीच विंचरीत असे. अंथरुणाला खिळल्यामुळे त्यांचा गुंता होई. गॅसवर दूध, औषधांच्या वेळा, दारात कोणीतरी. माझी घाई चाले. ती हात वर करी. “पुरे हो. उरलेलं उद्या.” मी डावा हात तिच्या डोक्यावर घट्ट ठेवून म्हणे, “हलू नकोस, झालंच.” आणि वेणी पुरी करी. त्या वेणीचा मला अभिमान होता. भेटायला येणाऱ्यांना मी ती दाखवीत असे. हिचा हट्टी स्वभाव शेवटपर्यंत गेला नाही, असेही सांगत असे.

तो हट्ट नव्हता. दुखत होते.

पुढच्या तीन शनिवारी अठरा नखे पुरी झाली. आता विंचरणे माझ्याकडे आहे. रोज पाच मिनिटे, त्याच खुर्चीत. ठमी कधी माझ्याकडे पाहून सावकाश डोळे मिटते. आपण तसे केले की मांजरही बहुधा उलट डोळे मिटते, असे २०२० साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले. मीही मिटतो. दोन भाडेकरूंमध्ये जाणेयेणे सुरू झाले आहे.

या दिवाळीत फटाक्यांच्या आधी, संध्याकाळीच, आतल्या खोलीच्या खिडक्या लावून तिथे एक खोके ठेवणार आहे. त्यात पातळाची घडी. त्या मुलीनेच सांगितले आहे. अभ्यंगस्नान यंदाही माझे एकट्याचेच. त्यानंतर फणी घेऊन बसेन. शेपटीचे टोक हलले की थांबेन. उरलेले उद्या.