गाडीमागची गाडी

रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी कोकणी मुस्लिम घरांतले कुणी ना कुणी ब्रिटनमध्ये असते. माझी आपा लेस्टर शहरात राहते. यंदाच्या मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे गेलो, तेव्हा लिंकनशायरमधल्या कॅडवेल पार्कपर्यंतचा एक सफर घडला. आम्ही घरच्याच गाडीने निघालो होतो, पण मागे ट्रेलर होता आणि त्यावर भाचीची रेसकार.

ही गाडी भाचीने वडिलांबरोबर दोन वर्षे खपून गॅरेजमध्ये बांधली. तिकडे या प्रकाराला ‘लोकॉस्ट’ म्हणतात. १९५७ च्या लोटस सेव्हन गाडीच्या धर्तीवर लोखंडी नळ्यांची चौकट आणि पुढे जुन्या फोर्डचे इंजिन. रॉन चॅम्पियन यांनी १९९६ मध्ये अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी यावर पुस्तक लिहिले, तेव्हापासून अशा गाड्या गल्लोगल्ली तयार झाल्या. “आता तेवढ्यात चार टायरही येत नाहीत,” दूल्हाभाई हसून म्हणाले.

ही गाडी रस्त्यावर चालवण्याची नाही, म्हणून ओढून न्यावी लागते. रेसकार सुमारे ५०० किलो, ट्रेलर ३००, वर जादा चाके, हत्यारे आणि पेट्रोल मिळून १००. एकूण ९०० किलो. ओढणारी घरची गाडी १५०० किलोची. नवख्याने आपल्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त ओझे ओढू नये असा तिकडे सल्ला देतात. त्या हिशेबाने आम्ही निर्धास्त होतो. ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, तेही होते. शिवाय एक पोलादी तार गाडीला अडकवलेली असते. ट्रेलर चुकून सुटलाच, तर ती ताणली जाऊन त्याचे ब्रेक लागतात.

पण एकूण वजन बसले म्हणजे काम संपत नाही. जोडाच्या गोळ्यावर ट्रेलरचे नाक किती दाबते, हे त्याहून महत्त्वाचे. साधारण एकूण ओझ्याच्या ५ ते ७ टक्के, म्हणजे आमच्यासाठी ४५ ते ६३ किलो. दूल्हाभाईंनी आदल्या रात्री न्हाणीघरातला वजनकाटा नाकाखाली ठेवून, रेसकार थोडी पुढे-मागे सरकवून ते जमवले होते.

पहाटे बिस्मिल्ला म्हणून निघालो. ए-४६ हा रस्ता बऱ्याच ठिकाणी रोमनांच्या जुन्या ‘फॉस वे’ वरून जातो, त्यामुळे मैलोन्‌मैल सरळ. दोन्ही बाजूंना मोहरीसारखी पिवळी शेते. ट्रेलर असला की अशा दुपदरी रस्त्यावर ताशी ६० मैलांची मर्यादा. एक मोठा ट्रक शेजारून पुढे गेला आणि आमची गाडी मागून हलू लागली. ट्रेलर सापासारखा डावी-उजवीकडे झुलत होता. आपाने माझा हात घट्ट धरला. दूल्हाभाईंनी ब्रेक दाबला नाही, वेगही वाढवला नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून स्टिअरिंग सरळ धरून ठेवले. काही क्षणांत झोल थांबला. पुढच्या थांब्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली.

कारण लगेच सापडले. सकाळच्या घाईत भाचीने दोन जादा चाके आणि हत्यारांची पेटी ट्रेलरच्या शेपटाकडे बांधली होती. मागे वजन गेले की नाक हलके होते आणि ट्रेलर झुलू लागतो.

“अब्बा, तपासणी बंद होईल. हळू जाऊ, तिथे पोहोचल्यावर नीट लावू,” भाची रडकुंडीला आली होती. वर्षभर वाट पाहिलेली तिची ती पहिली शर्यत होती.

“बेटा, शर्यत तुझी आहे. रस्ता सगळ्यांचा आहे,” दूल्हाभाई म्हणाले आणि पट्टे सोडायला लागले. मग तीही खाली उतरली. पेटी पुढे आली, चाके पुढे आली, पट्टे पुन्हा आवळले. पंचवीस मिनिटे गेली.

लिंकनच्या टेकडीवरचे कॅथेड्रल दुरून दिसले. तिथून पुढे एकेरी रस्ता आणि ५० ची मर्यादा. हॉर्नकॅसल सोडल्यावर वोल्ड्सच्या टेकड्या लागतात आणि त्यांच्या कुशीत कॅडवेल पार्क. १९३४ पासून इथे शर्यती होतात. सव्वादोन मैलांच्या आतबाहेरचा हा ट्रॅक अरुंद आहे, झाडीतून वळणे घेत जातो. ‘माउंटन’ नावाच्या चढावर गाड्यांची चाके जमीन सोडतात.

तपासणीच्या रांगेत आमची गाडी शेवटून दुसरी होती. पट्टे, हेल्मेट, अग्निशामक सगळे बघून तपासनिसाने मान हलवली. भाची अकरावी आली. उतरल्यावर तिने आधी वडिलांना मिठी मारली, मग हेल्मेट काढले.

आपल्याकडे रेसकार ओढणारे थोडेच, पण ओझे ओढणारे घरोघरी आहेत. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लागतात, आणि कितीतरींना मागे साधा लाल परावर्तकही नसतो. ट्रॉली असो वा जीपच्या टपावरचे लग्नाचे सामान, निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारावी. ओझे कुठे ठेवले आहे, दोर घट्ट आहे का, मागचे दिवे लागतात का, एवढे पाहावे. कुणी घाई करत असेल तर त्यालाही खाली उतरवून दोर आवळायला लावावे.