बसऱ्याला गेलेली माणसं

बसरा हे नाव मराठी घरात आलं ते नथीतल्या मोत्यांमुळे. १९१४ नंतर त्या नावाची ओळख बदलली. रत्नागिरी, कुलाबा, सातारा या जिल्ह्यांतल्या घराघरांतून कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा बसऱ्याला गेला, आणि त्यातले बरेच परत आले नाहीत. लष्करी इतिहास हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे आणि त्यातही पहिल्या महायुद्धातल्या मराठा पलटणींची कागदपत्रं मी सर्वांत जास्त वाचली आहेत. त्या वाचनातून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. हे महायुद्ध आपण परक्यांचं म्हणून सोडून दिलं, आणि त्याबरोबर आपली माणसंही सोडून दिली.

महायुद्ध म्हटलं की डोळ्यांसमोर फ्रान्समधले खंदक येतात. भारतीय शिपाई तिथं लढले हे खरंच. पण भारतीय फौजेचा सर्वांत मोठा वाटा गेला तो मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. मराठी माणसाचं महायुद्ध मुख्यतः तिथलं आहे. ४ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटननं युद्ध पुकारलं आणि व्हाइसरॉय हार्डिंज यांनी हिंदुस्थानलाही त्यात ओढलं. इथल्या कुणालाही विचारण्याचा प्रश्नच नव्हता. ऑक्टोबरात पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड मुंबई बंदरातून निघाली. ६ नोव्हेंबरला ती इराणच्या आखाताच्या टोकाशी फाव इथं उतरली आणि २२ नोव्हेंबरला बसरा पडलं. अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि तिथवर येणारी तेलवाहिनी सांभाळणं हा मोहिमेचा मूळ हेतू होता. ब्रिटिश आरमार तेव्हा कोळशावरून तेलाकडे वळत होतं.

डिव्हिजनच्या नावात पुणे असलं तरी ती सगळी मराठ्यांची नव्हती. पंजाबी, रजपूत, गुरखे होते, डॉर्सेट आणि नॉरफोक या गोऱ्या पलटणी होत्या. मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी त्यात होत्या. बॉम्बे सॅपर्सचे लोकही होते, पूल बांधणारे आणि खंदक खणणारे. एप्रिल १९१५ मध्ये बसऱ्याजवळच्या शैबाच्या लढाईत डॉर्सेट आणि ११७ व्या मराठा पलटणीनं खांद्याला खांदा लावून जो हल्ला चढवला, त्याचं वर्णन त्या मोहिमेच्या बहुतेक पुस्तकांत आढळतं. पुढं युद्धातल्या कामगिरीबद्दल त्याच पलटणीला ‘रॉयल’ हा किताब मिळाला.

शैबाच्या विजयानं वरिष्ठांची हाव वाढली. तेल सांभाळायला आलेली फौज बगदादच्या वाटेला लागली. जनरल टाउनशेंड याच्या हाताखाली ती तैग्रिसच्या काठानं वर सरकत गेली. पाठीमागं पुरेशा बोटी नाहीत, दवाखाने नाहीत, रसद तुटपुंजी. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे, प्राचीन टेसिफॉनच्या अवशेषांजवळ, तुर्कांनी तिला अडवलं. चार हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. मोडलेल्या हाडांची माणसं स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांवर घालून नदीपर्यंत आणली. तिथून ती उघड्या बोटींवर जवळजवळ दोन आठवडे पडून होती. ‘मेजिदीया’ नावाची बोट बसऱ्याला लागली तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर तिच्याकडे पाहत होते. बोटीच्या कडेला दोर लोंबकळताहेत असं त्यांना लांबून वाटलं. बोट जवळ आल्यावर कळलं, ती आमांशानं आजारी असलेल्या जखमींची वाळलेली विष्ठा होती. माणसं इतकी दाटीनं पडलेली होती की कडेपर्यंत सरकणंही जमत नव्हतं. कार्टर यांनी हे लिहून कळवलं तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच दम भरला. पण त्यांचा अहवाल दडपता आला नाही. १९१७ च्या जूनमध्ये मेसोपोटेमिया कमिशननं सगळं उघड केलं आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी माँटेग्यू आले. ऑगस्ट १९१७ मध्ये त्यांनी जबाबदार राज्यपद्धतीची जी घोषणा केली, ती आपण शाळेत पाठ केली. तिच्यामागं या बोटी होत्या हे मात्र कुणी सांगितलं नाही.

टेसिफॉनहून माघारी आलेली फौज कूत-अल-अमारा या गावात अडकली. तैग्रिसच्या वळणात वसलेलं, तिन्ही बाजूंनी पाणी असलेलं हे लहानसं गाव. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, असा जवळजवळ पाच महिन्यांचा वेढा. सोडवायला खालून आलेल्या फौजेचे सुमारे तेवीस हजार लोक कामी आले किंवा जायबंदी झाले. आत अडकलेली माणसं तेरा हजार होती.

कूतमध्ये खायला घोडे आणि खेचरं होती. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. भारतीयांपैकी बहुतेकांनी एप्रिलच्या मध्यापर्यंत खाल्लं नाही. काही इंग्रज लेखकांनी याला अडाणी हट्ट म्हटलं आहे. मला ते पटत नाही. शिपायांचं म्हणणं कागदोपत्री आहे: इथं खाल्लं तर गावी जातीबाहेर टाकतील, मुलींची लग्नं होणार नाहीत. ज्यांचं सगळं भविष्य गावाच्या पंक्तीत बसण्यावर अवलंबून होतं, त्यांची ही भीती अगदी खरी होती. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशानं मागवली, तरी मनं वळायला वेळ लागला. तोवर जवाचं पीठ कमी कमी होत गेलं. शिपाई गोळ्या चुकवत मैदानातली रानभाजी खुडून आणत. तिच्यातली काही विषारी निघाली. हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले, जुन्या जखमा पुन्हा उघडल्या. शेवटी विमानांतून पिठाची पोती टाकली गेली, दळायला जात्याची तळीसुद्धा टाकली गेली. वेढ्यात अडकलेल्या फौजेला आकाशातून अन्न पुरवण्याचा जगातला हा पहिलाच मोठा प्रयत्न. पण तो पुरला नाही. २४ एप्रिलच्या रात्री रसद घेऊन निघालेली ‘जुल्नार’ बोट तुर्कांच्या हाती लागली आणि पाच दिवसांनी कूत शरण गेलं.

टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला. शिपायांना समारा ते रास-अल-ऐन हे वाळवंट पायी तुडवायला लावलं आणि जगले त्यांना रेल्वेच्या कामावर जुंपलं. गोऱ्या शिपायांतले १,७०० हून जास्त मेले, हा आकडा चोख नोंदलेला आहे. भारतीयांचा हिशेब मात्र ‘सुमारे अडीच हजार’ असा आहे आणि त्यातले कितीतरी ‘बेपत्ता’ या सदरात जातात. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधले शिशिर सर्बाधिकारी त्या कैदेतून वाचले. बुटात लपवलेल्या टिपणांवरून त्यांनी पुढं बंगालीत ‘आभि ले बगदाद’ हे पुस्तक लिहिलं. मराठी शिपायाच्या हातची अशी एखादी वही मिळावी, ही माझी फार जुनी इच्छा आहे.

इकडे घरी युद्ध वेगळ्या रूपानं आलं. मुंबईचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम नुकतं बांधून झालं होतं. त्यात मूर्ती मांडण्याआधी जखमी शिपायांच्या खाटा मांडल्या गेल्या. तुरुंगातल्या कैद्यांना शिक्षेत सूट देऊन मेसोपोटेमियात हमालीला पाठवलं गेलं. चांदीचा तुटवडा इतका पडला की ३० नोव्हेंबर १९१७ ला सरकारनं पहिल्यांदा एक रुपयाची नोट काढली, आणि जानेवारी १९१८ मध्ये अडीच रुपयांची. रुपया दातांत धरून, आपटून, नाद ऐकून घेणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात कागद आला. त्याच १९१७ साली हिंदुस्थान सरकारनं ब्रिटनला दहा कोटी पौंड, म्हणजे तेव्हाचे दीडशे कोटी रुपये, युद्धासाठी ‘देणगी’ दिले. ही देणगी करांतून आणि कर्जातून उभी राहिली. कापड, रॉकेल, मीठ, सगळ्याचे भाव कडाडले.

राजकारणाचीही ओढाताण होती. टिळक मंडालेहून सुटून आले ते युद्धाच्या तोंडावर, जून १९१४ मध्ये. भरतीला त्यांचा विरोध नव्हता; बरोबरीच्या हक्कानं सैन्यात घ्या, अधिकारपदं द्या, हा त्यांचा आग्रह होता. १० जून १९१८ ला मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांच्या युद्ध परिषदेत त्यांनी स्वराज्याचा विषय काढताच त्यांना थांबवलं गेलं, आणि ते उठून बाहेर पडले. ज्यांना त्यांच्याहून कमी बोलू दिलं गेलं, त्यांचीही गोष्ट इथंच सांगायला हवी. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली होती. शिवराम जानबा कांबळे यांच्यासारखे कार्यकर्ते ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज करत राहिले. युद्धात माणसं कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली; १९२१ मध्ये ती मोडली. गरज होती तोवर शूर आणि गरज संपली की अस्पृश्य. या अन्यायाला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल आणि दुसरं महायुद्ध यावं लागलं.

आणि १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातूनच इन्फ्लुएंझाचा ताप शिरला. पहिल्यांदा गोदीवरचे पोलीस आजारी पडले. पावसानं दगा दिलेला, धान्य महाग, अंगात ताकद नाही, अशा मुलखात सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याची दुसरी लाट आली. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. परदेशी युद्धात मेलेल्या भारतीय शिपायांचा आकडा सुमारे चौऱ्याहत्तर हजार आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस शरकात इथं ११४ वी मराठा पलटण मेसोपोटेमियातली शेवटची मोठी लढाई लढत होती. त्या एका लढाईनं तिला शौर्यपदकांचा मोठा मान मिळवून दिला. त्याच आठवड्यांत तिच्या शिपायांच्या गावांत घरंच्या घरं तापानं बसत होती.

युद्धानंतर स्मारकं झाली. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल इथं १९२७ मध्ये उभारलेल्या स्मारकावर चार हजार सातशेहून जास्त भारतीयांची नावं कोरली आहेत. बसऱ्याचं स्मारक १९२९ मधलं. कबरीचा ठावठिकाणा नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक माणसांसाठी ते आहे. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं आहेत. भारतीय शिपायांची पलटणवार संख्या आहे. अमुक पलटण, इतके. युरोपात लोक पाहायला येतात म्हणून नाव, वाळवंटात आकडा. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं स्वतःच अहवाल काढून ही वंशभेदाची वागणूक होती असं कबूल केलं आणि माफी मागितली. आता ते नावं शोधत आहे.

ती नावं आपल्याकडे आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावात दगडी पाटी आहे. पण बहुतेक नावं घरांत आहेत. युद्धाचं चांदीचं पदक, पुढं पाचव्या जॉर्जचा चेहरा, मागं घोडेस्वार. ते हातात घ्या आणि कडेवरून बोट फिरवा. बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते. तेच पदक तांबूस, ब्राँझचं असेल तर तो माणूस हमाल, पाणक्या किंवा मजूर तुकडीतला असण्याची शक्यता मोठी. तारा असेल तर नाव मागच्या बाजूला. तळहाताहून मोठी ब्राँझची गोल चकती असेल, सिंह आणि हातात पुष्पचक्र घेतलेली बाई, तर तो माणूस परत आला नव्हता. तिच्यावर हुद्दा नसतो, फक्त नाव असतं. बसऱ्याच्या भिंतीवर जे नाव नाही, ते इथं धातूत उठवलेलं आहे.

चांदीची पदकं आपण फार मोडली. दुष्काळात, लग्नात, पोटासाठी मोडली, त्याबद्दल कुणाला बोल लावायचा नाही. पण उरली आहेत ती आता सोनाराकडे नेऊ नका, घासून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. या दिवाळीत गावी जाल तेव्हा जुनी पेटी उघडा. पदकाच्या कडेचा फोटो काढा, नंबर आणि पलटण लिहून ठेवा, घरात जे सर्वांत वृद्ध असतील त्यांना हा कोण होता ते विचारा, आणि मिळालेली माहिती ग्रेव्हज कमिशनला कळवा.