विजेचा धक्का आणि हृदयाचा ताल

विजेचा धक्का बसलेलें माणूस उठून बोलूं लागलें, कीं संकट टळलें असें घरच्या मंडळींस वाटतें; पण खरी शंका तेथूनच पुढें सुरू होते. गेल्या वैशाखांत आमच्या धाकट्या सुनेचा ओला हात मागील दारच्या पाण्याच्या मोटारीस लागला. दुसरा हात नळावर होता. क्षणभर हात चिकटल्यासारखा होऊन सुटला. शुद्ध गेली नाहीं, मात्र छातींतील धडधड थांबेना. वहिनींनीं साखरपाणी दिलें व "निजली म्हणजे बरें वाटेल" असा निर्वाळा दिला. मीं नाडी धरली. पंधरा-वीस ठोके नीट पडत आणि मध्येंच एक गळे. जन्मभर वृत्तें शिकविलीं, छंदोभंग कानाला लागलीच कळतो. हा बोटांना कळला. "मामंजी, काय आहे?" असें तिनें विचारलें, तेव्हां उत्तर न देतां मीं रिक्षा आणविली.

आपल्या घरांतील वीज २३० व्होल्टची, सेकंदास ५० आवर्तनें करणारी. हृदयाचा तालही मुळीं विजेचाच. उजव्या वरच्या कप्प्यांतील लहानशा पेशीसमूहांतून मिनिटास ६० ते १०० सूक्ष्म प्रेरणा निघतात. बाहेरचा प्रवाह एका हातांतून दुसऱ्या हातांत, म्हणजे छातींतून, गेला तर ही शिस्त मोडूं शकते. मग खालचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त पुढें जात नाहीं, व कांहीं मिनिटांत प्राण जातो. (ही थरथर थांबविण्यासही विजेचाच जोराचा धक्का लागतो; जिनीव्हाच्या प्रेव्हो व बातेली यांना हें १८९९ सालीं कुत्र्यांवरील प्रयोगांत दिसलें होतें.) ही आपत्ती बहुधा धक्क्याच्या क्षणींच येते, असें डॉक्टरांनीं सांगितलें तेव्हां मला प्रथमच नीट श्वास घेतां आला.

ई.सी.जी. काढला. गळलेला वाटणारा ठोका वस्तुतः वेळेपूर्वीं पडलेला अशक्त ठोका निघाला. असे ठोके निरोगी माणसांतही, घाबरल्यावर विशेषतः, पडतात. दुसरें वैगुण्य नव्हतें. घरगुती दाबाचा धक्का, शुद्ध कायम, पूर्वींचा हृद्रोग नाहीं, म्हणून तिला घरीं पाठविलें. धक्का १००० व्होल्टांवरील तारेचा असता, अथवा ती बेशुद्ध पडली असती, तर यंत्रावर देखरेखीखालीं ठेवून घेतलें असतें.

साखरपाण्यानेंच भागलें असतें, असें वहिनी अजून म्हणतात. भागलें असतेंही, पण तें आलेख पाहिल्यावर कळलें.

मोटारीचें अर्थिंग तुटलेलें होतें. तें दुरुस्त करून, ३० मिलिअँपियर गळती होतांच प्रवाह तोडणारें यंत्र बसवून घेतलें. पहिल्याच आठवड्यांत तें खटकन् पडलें. शोध घेतां न्हाणीघरांतील पाणी तापविण्याची सळई गळकी निघाली. ती वहिनींच्या रोजच्या वापरांतली होती.