ठाण्याला उठायचं

लोकलच्या आमच्या डब्यात एक रीत होती. सकाळच्या फास्ट गाडीत बदलापूर-अंबरनाथच्या बायकांना बसायला मिळायचं, कल्याण-डोंबिवलीच्या उभ्या राहायच्या. ठाणं आलं की बसलेल्यांनी उठायचं आणि उभ्या असलेल्यांना बसवायचं. आजारी आणि गरोदर बाई सोडली तर यातून कुणाची सुटका नसे. रात्रभर मुलाच्या उशाशी जागलेली असली तरी ती ठाण्याला उठायची, आणि मग दुसरीच कुणीतरी तिला म्हणायची, "तू बस गं, आज मी उभी राहते."

बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर अडुसष्ट किलोमीटरच्या आसपास आहे. फोर्टमधल्या एका कचेरीत माझी नोकरी होती आणि नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं रोजचे तीन तास या गाडीत गेले. नातेवाईक हळहळायचे. माझं आयुष्य गाडीत फुकट चाललंय, असं माझ्या आईलासुद्धा वाटे. तिला मी खरं तेच सांगायचे, की घर आणि ऑफिस यांच्यामधले हे तीन तासच मला सगळ्यात जास्त आवडतात. तिला ते पटत नसे. पहाटे साडेचारला उठून पोळ्या, डबे, पाणी भरणं, सासऱ्यांची औषधं. पुढे दिवसभर फायली. घरी परत आल्यावर पुन्हा स्वयंपाक. पहाटे उठा, ध्यान करा, स्वतःसाठी वेळ काढा, असं आनंदी राहण्याबद्दल मासिकांत वाचायचे. तसा वेळ माझ्याकडे घरात कुठेच नव्हता. होता तो या डब्यात, आणि तिथे तो एकटीचा नव्हता.

आमच्या सवयी घड्याळावर चालत नसत, स्टेशनांवर चालत. कल्याण सुटलं की टाळ निघायचे. टाळांची जोडी अंबरनाथच्या वहिनींच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली असे. मंगळवारी आणि शुक्रवारी दोन-तीन अभंग आणि एक आरती, इतर दिवशी एखादाच अभंग, जास्त करून तुकोबांचा किंवा जनाबाईचा. मला सूर नाही, पण ध्रुवपद धरता येतं आणि तेवढं पुरायचं. तेव्हा फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यातून जायची. हा बोगदा १९१६ साली सुरू झालेला, सव्वा किलोमीटरपेक्षा थोडा लांब. आत शिरलं की चाकांचा आवाज एवढा वाढे की गाणं आपोआप थांबायचं. तेवढा वेळ सगळ्या डोळे मिटून घ्यायच्या. कुणी नामस्मरण करत असेल, कुणी नुसतीच डुलकी घेत असेल. पलीकडे उजेड आला की थांबलेल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात, आणि मग ठाणं, उठायचं.

संध्याकाळची शिस्त एका परिचारिकेने लावली. ती परळच्या एका रुग्णालयात होती आणि रोज जे पाहायची त्याचं ओझं घरी न्यायला तिची तयारी नव्हती. तिने सांगून टाकलं की घाटकोपरपर्यंत ऑफिसबद्दल काय बोलायचं ते बोला, घाटकोपर गेलं की ऑफिस बंद. साहेब, बढती, बदली, रखडलेली बिलं, हे सगळं दादर-कुर्ल्याच्या दरम्यान ओकून टाकायचं. घाटकोपरनंतर पिशव्यांतून भाज्या निघत. मेथी निवडायची, मटार सोलायचे, गवार मोडायची. ज्यांच्याकडे भाजी नसेल त्या दुसरीची घ्यायच्या. देठं, सालं वेगळ्या पिशवीत, खिडकीतून काही टाकायचं नाही. हात चालू असले की माणूस मोकळं बोलतं, हे मी तिथे पाहिलं. नवऱ्याचं दारूचं व्यसन, मुलीची बिघडलेली सोयरीक, हाताला गाठ लागल्याची भीती, या गोष्टी मी मटारच्या शेंगा सोलत ऐकल्या. समोर बसून कुणाच्या डोळ्यांत पाहत ही वाक्यं निघाली नसती.

गैरहजेरीचीही एक रीत होती. कुणी न सांगता दोन दिवस दिसली नाही तर तिसऱ्या दिवशी फोन जायचा. डोंबिवलीच्या काकू अशाच एकदा गायब झाल्या. फोन उचलला तो त्यांच्या शेजारणीने. काकांना पक्षाघाताचा झटका आला होता आणि काकू रुग्णालयातल्या बाकावर बसून होत्या. मग डोंबिवलीला उतरणाऱ्या दोघींनी पाळ्या लावल्या. एक रात्री डबा पोहोचवायची, दुसरी काकूंना घरी पाठवून तासभर तिथे बसायची. आम्ही लांबच्या, आम्ही पैसे गोळा केले आणि सकाळी गाडी डोंबिवलीला थांबली की खिडकीतून पिशवी द्यायचो. काका वाचले, त्यांचं बोलणं मात्र अडखळत राहिलं. काकू कामावर परतल्या त्या दिवशी ठाण्यापर्यंत थांबायला कुणीच तयार नव्हतं, त्यांना डोंबिवलीलाच बसवलं.

कोणतीही सवय २१ दिवसांत लागते, असं सगळीकडे सांगतात. हा आकडा अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णाला किमान एवढे दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २०१० साली छापून आला. त्यात ठरावीक खुणेनंतर एक साधी कृती रोज करायची होती, म्हणजे न्याहारी झाली की अमुक, जेवणाआधी तमुक. ती अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसागणिक अंदाज १८ ते २५४ दिवसांपर्यंत पसरलेला. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यांना आढळलं. मला यातली खुणेची गोष्ट फार जवळची वाटली. कल्याण, ठाणं, घाटकोपर या आमच्या खुणा होत्या. मन तयार आहे का, हे गाडी विचारत नसे. स्टेशन यायचं आणि हात टाळांकडे किंवा मेथीकडे जायचा.

पण खूण असूनही एकटीने मी त्या सवयी टिकवल्या नसत्या, याची मला खात्री आहे. माझी आजी पहाटे जात्यावर बसायची, समोर तिची जाऊ. दोघींचे हात एका खुंट्याला आणि तोंडात ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल, सगळं त्यात आहे. दळण ही काही हौस नव्हती, कष्टाचंच काम. पण समोरची येऊन बसली की आपल्यालाही बसावं लागे, आणि बसलं की गाणं येई. गिरण्या आल्या, कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. समोर बसणारी जाऊ मात्र दळणाबरोबर गेली. मला ती बदलापूर लोकलमध्ये पुन्हा भेटली, असं मी मानते.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे लोकल बंद झाल्या तेव्हा एकटीने सवय टिकत नाही, हे फार स्पष्ट कळलं. परिचारिकेसारख्या अत्यावश्यक सेवेतल्यांना जूनमध्ये गाडी मिळाली, आम्हा बाकीच्या बायकांना २१ ऑक्टोबरपासून, तीही ठरलेल्या वेळांतच. मधल्या महिन्यांत अंबरनाथच्या वहिनी रोज सकाळी गाडी कल्याण सोडायची त्या वेळेला अभंग म्हणून ग्रुपवर पाठवायच्या. आम्ही स्वयंपाकघरात उभ्या राहून ध्रुवपद म्हणायचो आणि परत पाठवायचो. आमच्यातली एक त्या आजारात गेली. तिच्या मुलीने नंतर सांगितलं की शेवटच्या दिवसांत आई तेच आवाज पुन्हा पुन्हा लावायची.

डब्यात सगळ्यांनाच गाणं आवडायचं असं नाही. परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी असे, रात्रपाळी करून निघालेली बाई असे. त्यांनी सांगितलं तर टाळ पर्समध्ये जायचे आणि आवाज खाली यायचा. काही ग्रुप जागा अडवतात, नव्या बाईला उभंही राहू देत नाहीत. त्याला माझा विरोध होता आणि आहे. सत्तर लाखांच्या घरात माणसं या गाड्यांमधून रोज जातात. डबा कुणाच्या मालकीचा नाही. ज्या ग्रुपमध्ये नवखीला "कुठे उतरणार?" एवढं विचारून सरकून चौथी सीट देतात, तिथे बसणं मला आयुष्यात लाभलं.

आता मी निवृत्त आहे. पहिले काही महिने दिवस नुसते पसरायचे, कारण मध्ये स्टेशनंच नव्हती. मग शेजारच्या विंगेतल्या दोघींना मी दुपारी चारला भाजी घेऊन जिन्याखालच्या बाकावर बोलावू लागले. आता सहाजणी येतो. तिथे घाटकोपर नाही, म्हणून पाण्याचा पंप सुरू झाला की सुनांबद्दलचं बोलणं बंद, असं ठरवलंय आणि ते बहुतेक वेळा पाळलंही जातं.

खंडेनवमीला मात्र मी अजून गाडीत असते. त्या दिवशी डब्याला झेंडूचे हार आणि आंब्याचे डहाळे लावतात, देवीच्या तसबिरीची पूजा होते, मोटरमनला पेढे देतात. यंदा फुलांचं काम माझ्याकडे आहे. आदल्या दिवशी कल्याणच्या फुलबाजारातून झेंडू आणायचा, आणि बाकावरच्या बाकीच्या पाचहीजणींना हार ओवायला आत्ताच सांगून ठेवलंय. त्यातल्या दोघींनी लोकलने जाऊन नोकरी कधीच केलेली नाही, त्यांना सकाळच्या गाडीत चढायचं कसं तेही एकदा दाखवायचंय.