ढगांच्या घाटातून ह्युएच्या विहाराकडे

व्हिएतनाममधील दा नांग शहरातून पहाटे पाच वाजता आम्ही तिघे मित्र सायकलींवर निघालो. अंधार पडण्यापूर्वी सुमारे शंभर किलोमीटरवरील ह्युए गाठायचे होते. वाटेत हाय वान घाट. हाय म्हणजे समुद्र आणि वान म्हणजे ढग. लांबी सुमारे २१ किलोमीटर, माथा ४९६ मीटर उंच. २००५ साली डोंगरातून बोगदा झाला, पण त्यात सायकलीला प्रवेश नाही. तेव्हा घाट चढणे भागच होते.

लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल आणून दांडीखालून पाय घालून शिकलेली आम्ही माणसे. इथे वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे पहिला तास गोंधळात गेला. मग चढ लागला. उजव्या हाताला निळा समुद्र, डाव्या हाताला हिरवा डोंगर आणि मागून पेट्रोलचे टँकर. सगळ्यात हलका गिअर टाकूनही पाय ओढत नव्हते. निम्म्या घाटात आमच्यापैकी एकाचा गुडघा धरला. रस्त्याकडेला बसून तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी ट्रकने येतो." आम्ही म्हणालो, "तिघे निघालो, तिघेच पोहोचू. चालत जाऊ." दोन तास सायकली हाताने ढकलल्या.

माथ्यावर मिन्ह मांग राजाच्या काळात १८२६ साली बांधलेला दरवाजा आहे, शेजारी युद्धकाळातील बंकर. तिथे एक बाई उसाचा रस विकत होत्या. आपल्याकडच्यासारखाच, बर्फ घातलेला! भारतातून आलो असे कळताच त्यांनी दोन्ही हात जोडले. भाषा येत नव्हती, पण बुद्धाच्या देशातून आलेल्यांना केलेले ते वंदन आम्हाला समजले.

उतारावर ब्रेक सांभाळत लांग को गाठले. पुढे फु गिया आणि फुओक तुओंग या दोन लहान खिंडींनी उरलासुरला दम काढला. मित्राने गुडघ्याला रुमाल बांधला होता. तक्रार केली नाही. उन्हे उतरताना हुओंग नदीकाठचा थिएन मु विहार दिसला. १६०१ साली स्थापन झालेला, सात मजली मनोऱ्याचा.

तिथे एक जुनी निळी ऑस्टिन मोटार जपून ठेवली आहे. ११ जून १९६३ रोजी भिक्खू थिच क्वांग डुक याच मोटारीतून सायगावच्या चौकात आले आणि बौद्धांवरील अन्यायाविरुद्ध त्यांनी स्वतःला अग्नीच्या स्वाधीन केले. त्याआधी ८ मे रोजी, वैशाखी पौर्णिमेला, याच ह्युए शहरात धम्मध्वज फडकवण्यास बंदी घातली गेली होती. विरोधासाठी जमलेल्या लोकांवर बळाचा वापर झाला. त्यात मुलांसह अनेकांचे प्राण गेले.

तोच पंचरंगी ध्वज. आपल्या वस्तीत बुद्धजयंतीला आपण सहज बांधतो तोच! तो उभारण्यासाठी कुणी जीव दिला, हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीत नव्हते. मोटारीसमोर आम्ही तिघे बराच वेळ गप्प उभे राहिलो. पायांचे दुखणे आठवलेही नाही.

येत्या वैशाखी पौर्णिमेला घरावर ध्वज लावताना मुलांना जवळ बोलवा आणि ह्युएची ही हकीकत सांगा.