दुसरे वाचन

शालेय वयात, खामगावी, आम्ही दोन वर्षे एका भाषांतरकाराच्या शोधात होतो. हा भाषांतरकार माणूस नव्हता. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेखाली १९८४-८५ पासून देशातील शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळू लागले, आणि त्यांपैकी एक आमच्या शाळेतही येऊन पोहोचला. स्मृती अवघी ३२ किलोबाइट. सुरू करताच तो बेसिक भाषेत बोलावयास सिद्ध असे. परंतु प्रत्येक ओळ चालवता चालवताच तिचा अर्थ लावीत असल्यामुळे दुभाष्यासारखा अडखळत चाले. आतल्या ६५०२ प्रोसेसरला थेट कळेल अशा आकड्यांत मजकूर उतरवून देणारा असेंब्लर, निदान पास्कलचा कंपायलर तरी मिळावा, अशी आमची आकांक्षा होती.

पास्कल त्या यंत्रासाठी स्वतंत्र रॉम चिपांवर मिळत असे. त्या चिपा खामगावात कोठून येणार? एसटीने अकोल्यास जाऊन आम्ही रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत चौकशी केली. मुंबईच्या एका पत्त्यावर जोडकार्ड धाडले. उत्तर आले नाही.

अखेर दिवाळीच्या सुटीपूर्वी सरांनी कपाटातील इंग्रजी मार्गदर्शिका आमच्या हाती दिली, आणि तिच्या उत्तरार्धात उलगडा झाला. असेंब्लर बेसिकच्या चिपेतच होता! चौकटी कंस उघडावा, प्रोसेसरच्या आज्ञा लिहाव्यात, कंस मिटवावा, एवढे पुरे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

कंसातल्या ओळी वहीत उतरवून घेऊन आम्ही त्या यंत्रावर लिहिल्या. उत्तर आले, ‘नो सच व्हेरिएबल’. पुन्हा लिहिल्या, पुन्हा तेच. ‘सर, यंत्रातच खोट आहे,’ असे आम्ही सांगितले. सरांचा आमच्यावर विश्वास होता. त्यांनी तशी नोंद केली. यंत्र अडगळीच्या खोलीत गेले, ते पुढच्या कोणत्याच तुकडीला दिसले नाही.

खोट कोठे होती, हे कळण्यास मधे काही दशके जावी लागली. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे एम्युलेटर आज कोणालाही विनामूल्य मिळतात. त्यावर आम्ही तीच मार्गदर्शिका पुन्हा उघडली. कंसाभोवती, त्याच मजकुरावरून दोनदा फिरणारे एक आवर्तन छापलेले होते. ते शोभेचे समजून आम्ही वहीत उतरवलेच नव्हते.

त्याचे कारण साधे आहे. आज्ञांत एखाद्या पुढच्या ठिकाणाचे नाव येते, पण ते ठिकाण अजून आलेले नसते. म्हणून पहिल्या फेरीत अज्ञात नावांची तक्रार न करता असेंब्लरने पुढे जायचे आणि कोणते नाव कोठे लागते ते टिपून ठेवायचे; दुसऱ्या फेरीत त्या जागा भरायच्या, आणि तरीही काही अडले तरच चूक म्हणायचे. या दोन फेऱ्या त्या यंत्रावर लिहिणाऱ्यानेच घडवून आणावयाच्या असतात. आम्ही एकाच वाचनात अर्थ मागितला आणि मिळाला नाही म्हणून दोष यंत्राला दिला.

ही बेसिक आणि तिच्यातला असेंब्लर रचणाऱ्या सोफी विल्सन यांनीच पुढे एआरएम प्रोसेसरची आज्ञावली आखली. १९८५ मध्ये तो प्रथम चालला; आज त्याचे वंशज आपल्या खिशातील फोनांत आहेत.

सर आता नाहीत. त्यांना सांगावयाचे राहूनच गेले. आम्ही मराठी शिकवतो. अभंगातला एखादा शब्द अडला की विद्यार्थी पहिल्याच ओळीशी थांबतात. ‘नाव लक्षात ठेवा, पुढे चला, मग परत या,’ असे आम्ही त्यांना म्हणतो. उत्तरपत्रिकेच्या समासात ‘अर्थहीन’ असा शेरा लिहिण्याआधी मात्र आमचा स्वतःचाच हात थांबतो, आणि ते उत्तर आम्ही पुन्हा वाचतो.