कमरेचा घेर

आमच्या आत्याला कोणी कधी जाड म्हटले नाही. मनगटे बारीक, गळ्याची हाडे वर आलेली. पोट तेवढे चाळिशीनंतर सुटले होते, पण ते साडीच्या निऱ्यांमागे राहिले. बोरीवलीत बाभईला राहून ती शेजारणींची पोलकी शिवून देई. गळ्यात सदैव टेप. पंचेचाळिशीत मधुमेह झाला, मागोमाग रक्तदाब. 2009 साली, साठाव्या वर्षी, तिला डाव्या स्तनात गाठ लागली. सांगताना तिने तो शब्द उच्चारला नाही. 'इथे काहीतरी आहे,' एवढेच म्हणाली.

पुढे वर्षभर आम्ही दोघी धीम्या लोकलने एल्फिन्स्टन रोडला (आताचे प्रभादेवी) उतरून, पूल ओलांडून परळला टाटा रुग्णालयात जात असू. तिच्या पिशवीत दोन फायली असत. एक साखरेची, पंधरा वर्षांची, कडा विटलेली, दुसरी नवी. या दोन फायली एकमेकींविषयी काही सांगत असतील, हे आम्हां दोघींच्या मनातही आले नाही. ती 2012 साली गेली.

यंदा माझी साखर सीमारेषेवर आली. मी शेहेचाळीस वर्षांची आहे, वजन 'प्रमाणात' आहे. तेव्हा कुठे वाचायला बसले.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले होते. उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक दोघांचाही 22.3, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. हडकुळ्या दिसणाऱ्या देहात दडलेली चरबी! मला आत्याची मनगटे आठवली. टाटा रुग्णालयातील संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कमर आणि नितंब यांच्या घेरांचे गुणोत्तर जितके अधिक, तितका स्तनाच्या कर्करोगाचा धोका अधिक आढळला; रजोनिवृत्तीच्या आधी आणि नंतरही. कारणांचा अंदाज असा : मधुमेहाआधी कित्येक वर्षे रक्तात इन्सुलिन वाढलेले असते आणि ते पेशींना वाढीचा संदेशही देते, शिवाय बीजकोश थांबल्यावरही चरबीत इस्ट्रोजेन तयार होत राहते.

दूर अमेरिकेत, बॉस्टन विद्यापीठाने 1995 पासून सुमारे 59,000 कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्याचा मागोवा ठेवला आहे. तिथे 2017 साली दिसले, की मधुमेह असलेल्या स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार, इस्ट्रोजेनवर न पोसणारा आणि म्हणून उपचारांना अवघड, अधिक प्रमाणात होतो. त्यांचा इतिहास वेगळा, हाल वेगळे; पण दोन फायली एकत्र ठेवून वाचणे तिथे सुरू झाले आहे.

साहित्य शिकवणाऱ्या माणसाला इथे एक मोह होतो. आत्याच्या मधुमेहातून तिचा कर्करोग उगवला, असे कथानक लगेच जुळते. तसे म्हणण्याचा मला अधिकार नाही. धोक्याचे आकडे हजारो स्त्रियांविषयी बोलतात, एकीविषयी नव्हे. सडसडीत, साखर नसलेल्या बायकांनाही हा रोग होतोच. माझी हळहळ निराळी आहे. पंधरा वर्षे दर तीन महिन्यांनी ती कोणा ना कोणा डॉक्टरांसमोर बसत होती आणि त्या काळात तिच्या स्तनांची तपासणी एकदाही झाली नाही.

आणि त्यासाठी यंत्रही लागले नसते. टाटा रुग्णालयाने 1998 साली मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखांवर स्त्रियांना घेऊन एक प्रयोग आरंभला. त्यांपैकी निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासत. 2021 साली निष्कर्ष आले. सगळ्या वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतील घट ठामपणे सांगण्याइतकी नव्हती. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले होते.

आपली भाषाही इथे फारशी मदत करत नाही. बाळसे धरणे, अंग भरणे, खात्यापित्या घरची असणे : सारे कौतुकाचे. पुरुषाच्या ढेरीवर निदान विनोद तरी होतात. बाईच्या पोटाबद्दल 'बाळंतपणानंतर सुटतंच' म्हटले की विषय मिटला. (स्तन हा शब्द तर वर्गात कवितेतही आला, की अर्धा वर्ग माना खाली घालतो. वीस वर्षे पाहते आहे.)

आत्याचा टेप माझ्याकडे आहे. आकडे पुसट झालेले. परवा दार लावून, परकराच्या नाडीचा वळ उठतो त्याच्या जरा वर तो धरला, मग नितंबांवर. मुलीने आकडे लिहून घेतले. मग तिने विचारले, "आजीची कंबर किती होती?" अर्ध्या बाभईच्या बायकांची मापे आत्याच्या वहीत आहेत. तिचे स्वतःचे नाही.